रोज थोडं, रोज ताजं: गिनीपिगनं शिकवलेले नऊ धडे

मुलुंडमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. खातं प्राणिगृहाचं, सगळे त्याला अ‍ॅनिमल हाउसच म्हणायचे. उंदीर, ससे आणि गिनीपिग यांचं खाणं, पिंजऱ्यांची सफाई, वजनं आणि नोंदवह्या माझ्याकडे होत्या. निवृत्तीनंतरही या प्राण्यांशी संबंध टिकला, कारण आता मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या फ्लॅटमध्ये गिनीपिग पाळणारी घरं भेटत राहतात. कुत्रा झेपत नाही, मुलांचा हट्ट मोडवत नाही, मग हा गोंडस जीव घरी येतो. महिन्या-दोन महिन्यांत शेजारपाजारचं कोणीतरी विचारायला येतं, "काकू, हा सारखा शिंकतोय, काय देऊ?"

मी उलट विचारते, "हिरवं काय खातो? रोज खातो का?" उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. क जीवनसत्त्वाची कमतरता स्वतःच्या नावानं दारात येत नाही. ती सर्दी म्हणून येते, जुलाब म्हणून येते, बरी न होणारी जखम म्हणून येते. लोक त्या सर्दीचं औषध शोधतात आणि आतली उपासमार तशीच चालू राहते. इतकी वर्षं या प्राण्यांजवळ राहून जे समजलं, ते इथे क्रमानं लिहिते आहे.

१. हा प्राणी क जीवनसत्त्व स्वतः बनवतो का, हे आधी माहीत करून घ्या

गाय, शेळी, कुत्रा, मांजर, ससा, उंदीर हे सगळे आपल्या यकृतात ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व तयार करतात. माणसाच्या वजनाची शेळी दिवसाला कित्येक ग्रॅम बनवते. आपल्याला दिवसाकाठी ८० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं आणि तेही ताटातून मिळवावं लागतं. या साखळीतल्या शेवटच्या पायरीला गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज नावाचं विकर लागतं. माणूस, माकडं, गिनीपिग आणि बहुतेक वटवाघळं यांच्यात ते बनवणारा जनुक निकामी झालेला आहे. माणसाच्या वंशात तो वेगळ्या काळी बिघडला, गिनीपिगच्या वंशात वेगळ्या काळी, पण परिणाम एकच झाला. दोघांनाही हे जीवनसत्त्व बाहेरूनच घ्यावं लागतं.

घरात याचा अर्थ अगदी सरळ आहे. ससा आणि गिनीपिग दुकानात शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून लोक दोघांना एकच खाद्य आणतात. सशाच्या पेलेटमध्ये, म्हणजे कोरड्या खाद्याच्या गोळ्यांत, क जीवनसत्त्व घालण्याची गरज नसते, कारण ससा ते स्वतः बनवतो. तेच पेलेट गिनीपिगला रोज घातले, तर पोट भरलेलं दिसतं आणि दोन ते तीन आठवड्यांत शरीर पोखरलं जायला लागतं. पाकिटावर गिनीपिगचं नाव असलेलंच खाद्य घ्या. शक्य असेल तर ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवूही नका. सशाच्या नाकात बॉर्डेटेला नावाचे जीवाणू त्याला काही त्रास न देता राहू शकतात. तेच गिनीपिगच्या फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होतो.

२. हिरड्यांतून रक्त येण्याची वाट पाहू नका

क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार म्हणजे स्कर्व्ही, आणि स्कर्व्ही म्हटलं की शाळेच्या पुस्तकातल्या रक्ताळलेल्या हिरड्या डोळ्यांसमोर येतात. गिनीपिगमध्ये त्या फार उशिरा दिसतात. आधी केसांची चमक जाते, अंगावरची लव खरखरीत होते. मग तो कमी हलतो. उचलून घेतलं की किंचाळतो, कारण गुडघ्यांच्या सांध्यात रक्तस्राव सुरू झालेला असतो. खाणं कमी होतं, शी पातळ होते, नाक वाहतं.

आमच्या प्राणिगृहात पिंजरे सांभाळणारे एक ज्येष्ठ मामा होते. पुस्तकं न वाचता त्यांना हे सगळं कळायचं. ते म्हणायचे, "ताई, हा आज कोबीकडे धावला नाय. बघा जरा." खाण्याची चाहूल लागताच गिनीपिग शीळ घालतात. त्या शिळेत एक आवाज कमी झाला तरी मामांच्या लक्षात यायचं. मेलेल्या प्राण्याचं शवविच्छेदन पशुवैद्य करत, तेव्हा कारण म्हणून न्यूमोनिया लिहिला जाई. पण फुप्फुसांबरोबर ते गुडघेही उघडून बघत आणि फासळ्यांचे सांधेही. तिथे रक्ताचे डाग आणि फुगवटे दिसले, तर न्यूमोनिया हे शेवटचं कारण होतं आणि सुरुवात खाण्यातून झाली होती, हे स्पष्ट व्हायचं.

३. प्रतिकारशक्ती एका जागी नसते, ती तीन पातळ्यांवर ढासळते

पहिली पातळी शरीराच्या सीमेची. त्वचा, हिरड्या, आतड्याचं अस्तर, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना मजबुती देतं ते कोलॅजेन. कोलॅजेनचे धागे पक्के पिळले जाण्यासाठी क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की अस्तर कच्चं राहतं, लहानशी खरचटसुद्धा भरत नाही आणि जंतूंना आत यायला वाट मिळते.

दुसरी पातळी पांढऱ्या पेशींची. त्यांच्यात क जीवनसत्त्वाचं प्रमाण रक्तद्रवापेक्षा पन्नास ते शंभर पट असतं. शरीर ते तिथे उगाच साठवत नाही. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूच्या दिशेनं सरकतात, त्याला गिळतात आणि आत तीव्र ऑक्सिडीकारक रसायनं सोडून मारतात. त्या रसायनांपासून स्वतः पेशीला वाचवण्याचं काम क जीवनसत्त्व करतं. ते कमी पडलं की पेशी हळू सरकते, नीट मारू शकत नाही आणि काम संपल्यावर वेळेत निवृत्तही होत नाही. मग जंतू टिकून राहतात आणि सूज लांबते.

तिसरी पातळी लिम्फोसाइटांची, म्हणजे जंतू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पेशींची. क्षयरोगाचे जंतू दिलेल्या गिनीपिगच्या त्वचेत ट्युबरक्युलिन, म्हणजे त्याच जंतूंपासून काढलेला द्राव, टोचलं की तिथे लाल गाठ उठायला हवी. क जीवनसत्त्व काढून घेतलेल्या गिनीपिगमध्ये ही प्रतिक्रिया मंदावते किंवा उठतच नाही, असं १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. आजार अंगात असतो, पण शरीर त्याला उत्तर देत नाही. अँटिबॉडी बनण्यावर मात्र इतका ठाम परिणाम सगळ्या प्रयोगांत दिसलेला नाही. म्हणून "क जीवनसत्त्व गेलं की सगळी प्रतिकारशक्ती गेली" असं म्हणणं बरोबर ठरणार नाही. आधी सीमा आणि मग पेशी कमकुवत होतात, असं म्हणावं.

४. जंतू तोच असतो, फरक खाण्यानं पडतो

१९३३ साली अमेरिकेत मॅकॉन्की आणि स्मिथ या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. क जीवनसत्त्व अपुरं असलेल्या आहारावरच्या गिनीपिगना त्यांनी क्षयरोग्याची थुंकी खायला दिली. त्यांतल्या बहुतेकांना आतड्याचा क्षय झाला. दुसऱ्या गटाला तीच थुंकी दिली, पण जोडीला टोमॅटोचा रसही दिला. त्या गटात आतड्याचा क्षय जवळजवळ झालाच नाही.

या प्रयोगामुळे आजारी प्राण्याकडे बघण्याची माझी पद्धत बदलली. एका पिंजऱ्यात चार गिनीपिग असतात, एक आजारी पडतो, तिघे ठीक राहतात. लोक विचारतात, "जंतू कुठून आला?" जंतू तर चौघांच्याही आसपास होताच. त्या एकाला मागे ढकलून बाकीचे तिघे भाजी संपवत होते का, हे बघणं जास्त उपयोगाचं ठरतं. दबून राहणाऱ्या प्राण्याची वाटी वेगळी ठेवा.

५. पाकिटावरची बनवल्याची तारीख वाचा, आणि मुंबईचा पावसाळा विसरू नका

गिनीपिगच्या पेलेटमध्ये क जीवनसत्त्व मिसळलेलं असतं, पण ते टिकाऊ नाही. उष्णता, दमट हवा, उजेड आणि हवेतला ऑक्सिजन हे चारही त्याचे शत्रू आहेत. थंड, कोरड्या जागी नीट साठवलेले साधे पेलेट बनवल्यापासून साधारण ९० दिवस भरवशाचे मानतात. उपनगरातल्या जुलैची हवा तुम्हाला ठाऊक आहे. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतो. त्या हवेत उघडं राहिलेलं पाकीट ९० दिवस कसं तग धरणार?

म्हणून वापरण्याच्या शेवटच्या तारखेपेक्षा बनवल्याची तारीख महत्त्वाची. स्वस्त पडतं म्हणून पाच किलोची पिशवी आणू नका, महिन्याभरात संपेल एवढंच आणा. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यापासून आणि खिडकीपासून लांब ठेवा. टिकाऊ स्वरूपातलं क जीवनसत्त्व वापरल्याचा उल्लेख असलेले पेलेट मिळाले तर उत्तमच. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. पाण्यात आणि उजेडात जीवनसत्त्व तासातासानं कमी होतं. चव बदलली म्हणून प्राणी पाणी कमी पितो. किती पोटात गेलं हे कळत नाही, ते वेगळंच.

६. औषधाच्या दुकानाआधी भाजीवाल्याकडे जा

निरोगी, मोठ्या गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. वाढत्या पिल्लाची आणि गाभण मादीची गरज या मर्यादेच्या वरच्या टोकाला असते. साधारण किलोभर वजनाच्या प्राण्याला ढोबळी मिरचीच्या दोन-तीन बोटभर फोडी आणि थोडी कोथिंबीर एवढ्यात ती बऱ्यापैकी भागते. लाल आणि पिवळ्या ढोबळी मिरचीत हिरवीपेक्षा जास्त असतं. पेरूमध्ये भरपूर असतं, पण साखरही असते, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा लहान फोड पुरे. कोबी आणि फ्लॉवरची पानंही चालतात, पण थोडी, नाहीतर पोट फुगतं. पालक रोज नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळे मूतखड्याचा धोका वाढतो. काकडी आवडीनं खातो, पण तिच्यात पाणीच जास्त, क जीवनसत्त्व नावापुरतं. गाजराचंही तसंच.

खाण्याचा मुख्य भाग मात्र गवतच असायला हवा, कारण त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. वाळलेल्या गवतात क जीवनसत्त्व फारसं उरत नाही, ताज्या हिरव्या गवतात असतं. देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या बायकांकडे हिरव्या गवताच्या पेंढ्या मिळतात. त्या आणल्यास चांगल्या धुवा, निथळून कोरड्या करा, मगच द्या. सोसायटीच्या बागेतलं गवत कीटकनाशक फवारलेलं नाही याची माळ्याकडे खात्री करा. भाजी देण्याच्या वेळेलाच चिरा. सकाळी चिरून ठेवलेल्या भाजीतलं जीवनसत्त्व संध्याकाळपर्यंत घटतं आणि शिजवल्यावर आणखी कमी होतं.

७. मोड आलेले चणे साधे समजू नका

प्राणिगृहात लसूणघास आणि कोबी यांच्या जोडीला गिनीपिगना मोड आलेले चणे देत असू. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. तेच भिजवून मोड आणले की दाण्यात ते नव्यानं तयार होतं.

या साध्या गोष्टीमागे मराठी माणसांनी सोसलेला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमारा इथे सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्यानं डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा वेढा घातला. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ताजी भाजी संपली. घोड्याचं मांस खाणं अनेक हिंदी शिपायांच्या धर्माला मंजूर नव्हतं. शेकडो हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाली. त्याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्कर्व्ही रोखणाऱ्या अन्नाचा शोध घेत होत्या. कोरडं कडधान्य गिनीपिगला स्कर्व्हीपासून वाचवत नाही, मोड आलेलं वाचवतं, हे चिक आणि डेल्फ यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलं. उसळीची सवय असलेल्या आपल्या घरांत हा उपाय कायम हाताशी आहे. गिनीपिगला दिवसाला चार-पाच दाणे पुरतात. जास्त दिले तर पोट बिघडतं.

८. भरपाई करताना अति करू नका, आणि माणसाचं औषध देऊ नका

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. शरीरात त्याचा मोठा साठा होत नाही आणि जास्तीचं लघवीवाटे जातं. रविवारी भरपूर दिलं म्हणून शनिवारपर्यंत पुरलं, असं होत नाही. गरज पुरी झाल्यावर आणखी दिल्यानं प्रतिकारशक्ती दुप्पट होत नाही. उलट सतत फार जास्त दिलं तर ऑक्झलेट वाढून खड्यांचा धोका असतो. मल्टिव्हिटॅमिनचे थेंब तर टाळाच. त्यातली अ आणि ड जीवनसत्त्वं शरीरात साठतात आणि अपाय करतात. स्कर्व्हीची लक्षणं असलेल्या प्राण्याला पशुवैद्य काही दिवस नेहमीपेक्षा बराच मोठा डोस देतात. तो त्यांनीच ठरवायचा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरात पडून असलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन गिनीपिगच्या तोंडात कधीही घालू नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं त्याच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मारतात, घातक जीवाणू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावतो. सर्दीच्या उपचारानंच प्राणी गेल्याचं मी पाहिलं आहे. लहान प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य आजारपण येण्याआधीच शोधून ठेवा.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या कामी फार उपयोगी पडतो. गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी आहे, तो आजार लपवतो. वजन लपवता येत नाही. दर आठवड्याला एकाच वेळी वजन घ्या आणि वहीत लिहा. सलग दोन आठवडे घट दिसली, तर तो कितीही खेळकर दिसला तरी डॉक्टरांकडे न्या.

९. पिंजऱ्याबाहेरही हाच नियम चालतो

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्यावर माकडं भेटतात. त्यांनाही क जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही. रानातली पानं, फळं, कोंब यांतून त्यांना ते भरपूर मिळतं. आपण वेफर्स आणि बिस्किटं देतो, तेव्हा त्यांचं पोट भरतो आणि त्यांना पानांपासून दूर नेतो. तिथे खाऊ घालण्यास मनाई आहे, ती पाळा.

आपल्या खिडकीतला लालबुड्या बुलबुलही या यादीत आहे. कोलकात्यात रॉय आणि बी. सी. गुहा या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दाखवलं की त्याला हे जीवनसत्त्व बनवता येत नाही आणि आहारातून काढलं तर त्यालाही स्कर्व्ही होते. फिशटँकमधल्या बहुतेक माशांनाही ते खाद्यातूनच लागतं. कमी पडलं तर कणा वाकडा होतो, जखमा भरत नाहीत आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणून माशांचं सुटं, किती जुनं ते कळत नाही असं खाद्य घेऊ नका. लहान सीलबंद डबी घ्या.

शेवटी एक ऋण सांगितलंच पाहिजे. १९०७ साली नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिश हे संशोधक जहाजांवर होणाऱ्या बेरीबेरी या आजाराचा अभ्यास करायला गिनीपिगना नुसतं धान्य खाऊ घालत होते. त्या प्राण्यांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाली आणि स्कर्व्हीचा अभ्यास पहिल्यांदा प्रयोगशाळेत करता आला. पुढे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी वेगळा केलेला पदार्थ म्हणजेच क जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये सिद्ध झालं तेही गिनीपिगवरच. आपल्या मुलांच्या हिरड्या आज शाबूत आहेत, त्यामागे असंख्य गिनीपिगचे जीव आहेत.

तेव्हा घरात हा प्राणी असेल तर आजच एवढं करा. खाद्याच्या पाकिटावरची तारीख बघा, जुनं असेल तर बदला. उद्याच्या भाजीच्या यादीत ढोबळी मिरची आणि कोथिंबीर लिहा, आणि ती रोज द्या, सुट्टीवर जाताना सांभाळणाऱ्यालाही तसं बजावून जा. तो शिंकला, लंगडला किंवा त्यानं अर्धा दिवस खाल्लं नाही, तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे न्या, आणि तो काय खातो ते डॉक्टरांना आधी सांगा.